चौथे ऋण

श्रीगोंद्याचे जुने नाव चांभारगोंदे. जुन्या कागदांत आणि संतचरित्रांत हे गाव बहुधा ह्याच नावाने येते. गोविंद नावाचा कोणी भगवद्भक्त चांभार येथे होऊन गेला व त्याच्यावरून गावास हे नाव पडले, असे सांगतात. पुढे केव्हा तरी त्यातील ‘चांभार’ गळून पडला आणि त्याच्या जागी ‘श्री’ येऊन बसली. भक्त गोविंदाचा ‘गोंदा’ तेवढा शिल्लक राहिला. गावांची नावे बदलतात, त्यात नवल नाही. ज्या जिल्ह्यात हे गाव आहे त्याचेही अहमदनगर हे नाव जाऊन 2024 साली अहिल्यानगर झाले. परंतु एका राज्यकर्त्याचे नाव पुसून दुसऱ्याचे लिहिणे ही एक गोष्ट झाली, आणि एका धंद्याचे नाव पुसून तेथे केवळ आदराचे अक्षर लिहिणे ही अगदी निराळी. पहिलीत कोणाची तरी सत्ता दिसते; दुसरीत संकोच दिसतो. जोडे शिवणाऱ्याविषयी गावाच्या मनात द्वेष होता, असे मला म्हणावयाचे नाही. त्याने शिवलेले जोडे गावाने घातले, त्याने सांधलेल्या मोटेने विहिरीचे पाणी काढले, त्याच्या भक्तीपुढे मानही लवविली असेल. फक्त पत्राच्या माथ्यावर त्याची जात लिहिताना बरे वाटेना. उलट पक्षी, आपल्या जातीचे नाव गावाने उठता-बसता उच्चारावे अशी त्या जातीतील माणसांची तरी इच्छा होती काय, हेही विचारले पाहिजे. बहुधा नसावी. ज्या शब्दाने हाक मारून माणसाला उंबऱ्याबाहेर उभे केले, तो शब्द गेला तर त्याला दुःख कशाचे? तेव्हा हा बदल चांगला की वाईट, ह्याचा निकाल देण्यास मी बसलेलो नाही. त्या बदलाने माझ्या मनात एक जुनाच प्रश्न पुन्हा उभा केला, त्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे. ज्यांच्या कामावर आपले आयुष्य उभे असते, त्या माणसांचे आपण काय लागतो?

महाविद्यालयांच्या वादविवादमंडळांत ‘व्यक्ती श्रेष्ठ की समाज श्रेष्ठ’ हा विषय दरवर्षी कोठे ना कोठे येतोच. मिलचा स्वातंत्र्यावरील निबंध 1859 साली प्रसिद्ध झाला आणि आगरकरांनी ‘सुधारक’ 1888 साली काढला. तेव्हापासून आमच्याकडील सुशिक्षितांच्या किती पिढ्या ह्या वादावर पोसल्या गेल्या, ह्याची गणती नाही. मी स्वतः विद्यार्थी असताना व्यक्तीच्या बाजूने आवेशाने बोललो आहे, आणि पुढे परीक्षक म्हणून दोन्ही बाजूंना सारखेच गुण दिले आहेत. मिलचा सिद्धांत थोडक्यात असा की, दुसऱ्यास अपाय होत नाही तोपर्यंत मनुष्याच्या वागण्यात हात घालण्याचा समाजास अधिकार नाही. सिद्धांत थोर आहे. त्याने आमच्या घरांतील कित्येक बंद दारे उघडली. परंतु मिलचा हा मनुष्य मला नेहमी सकाळी न्याहारी करून, कपडे चढवून, मग समाजास भेटावयास निघालेला दिसतो. ती न्याहारी कोणी रांधली, ते कपडे कोणी धुतले, हे त्या सिद्धांतात येत नाही. व्यक्ती आणि समाज ह्या दोन टोकांमध्ये काम नावाची जी वस्तू आहे, जिच्यातून एका माणसाचा हात प्रत्यक्ष दुसऱ्या माणसापर्यंत पोहोचतो, तिच्याविषयी आमच्या वादविवादात कोणी बोलल्याचे मला स्मरत नाही.

आमच्या जुन्या गावांना हे विसरणे शक्य नव्हते, कारण तेथे समाजाची घडीच मुळी कामावर बसविलेली होती. त्र्यंबक नारायण आत्रे ह्यांचा ‘गावगाडा’ 1915 साली प्रसिद्ध झाला; ज्यांनी तो वाचला असेल त्यांना बलुत्याची पद्धत समजावून सांगावयास नको. सुतार, लोहार, महार, मांग, कुंभार, चांभार, परीट, न्हावी, गुरव, कोळी, भट, मुलाणी. गावोगावच्या याद्यांत थोडा फरक असे, पण सूत्र एकच. कामाचा जागच्या जागी हिशेब नाही. कुणब्याचा नांगर मोडला की सुताराने तो नीट करावयाचा, आणि खळ्यावर रास पडली की सुताराने आपल्या वाट्याच्या पेंढ्या उचलावयाच्या. बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा ओळी लावलेल्या असत. आणि गमतीची गोष्ट अशी की, कित्येक याद्यांत वेदोक्त मंत्र म्हणणारा भट आणि बकरे कापणारा मुलाणी हे दोघे धाकट्या ओळीत शेजारी शेजारी बसलेले आढळतात. कुणब्याच्या दृष्टीने पाहिले तर ते योग्यच होते. पेरणीच्या दिवशी भट आला नाही तर चालते. पाभर मोडली आणि सुतार आला नाही तर चालत नाही.

ह्या व्यवस्थेची स्तुती करणारे अलीकडे पुष्कळ झाले आहेत. शहरातील भाड्याच्या खोलीत एकाकी झालेल्या माणसाला, जेथे प्रत्येकाला ठरलेली जागा आहे आणि दुष्काळातही मूठभर दाणे मिळण्याचा हक्क आहे असे गाव मोहक वाटावे, हे स्वाभाविक आहे. त्या मोहात सत्याचा अंश नाही असेही नाही. बलुत्यात हिशेब कधी पुरता होत नसे, म्हणून संबंधही तुटत नसे. यंदाचे काम आणि यंदाचे धान्य ह्यांची बरोबरी झाली नाही, तर ती पुढच्या सुगीला होईल. बापाची राहिली तर मुलाच्या हयातीत होईल. परंतु जो संबंध तुटत नाही तो सोडताही येत नाही, ही त्याच नाण्याची दुसरी बाजू. वतन हा हक्क होता आणि तोच खोडाही होता. 1874 च्या मुंबई वंशपरंपरागत वतनाच्या कायद्याने हा खोडा सरकारी मोहोर लावून पक्का केला. महाराने सरकारचे आणि गावाचे काम रात्री-अपरात्री करावयाचे, त्याच्या कामास वेळेची मर्यादा नाही, आणि तो घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याने गेले पाहिजे. डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात ह्या कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक आणले, तेव्हा त्यांच्यापुढे हाच मुद्दा होता. पुढे 1936 साली जातिसंस्थेवरील आपल्या प्रसिद्ध निबंधात त्यांनी दाखवून दिले की, जात ही श्रमाची वाटणी नसून श्रम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे. महार वतन कायद्याने जावयास 1958 साल उजाडावे लागले. ज्या नात्यातून बाहेर पडण्यासाठी माणसाला तीस वर्षे झगडावे लागते, त्याला आत्मीयतेचे नाते म्हणताना आपण थोडे थांबले पाहिजे.

गावाने आपल्या ह्या बळाचा उपयोग एकदा फार विलक्षण रीतीने केला. श्रीगोंद्याच्या पश्चिमेस, घोड नदीच्या पलीकडे, शिरूर तालुक्यात करडे नावाचे गाव आहे. 1874 च्या अखेरीस तेथील काळूराम नावाच्या सावकाराने कर्जाच्या हुकूमनाम्याच्या जोरावर गावच्या देशमुखाच्या घराला हात घातला. त्यावर गावाने एक ठराव केला. सावकाराच्या शेतात कोणी राबावयाचे नाही, त्याचे पाणी कोणी भरावयाचे नाही, न्हाव्याने त्याची श्मश्रू करावयाची नाही, आणि जो करील त्याच्यावरही तोच बहिष्कार. पैसा त्याच्यापाशी मुबलक होता. पण हातांवाचून पैशाचे काय होते, हे त्याला थोड्याच दिवसांत कळले. अखेर त्याला बिऱ्हाड उचलून शिरूरला जावे लागले. ही बातमी आजूबाजूच्या गावांत पसरली, आणि 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात जो दंगा झाला त्याचे लोण पुढे नगर जिल्ह्यात, पारनेर, श्रीगोंदा, नगर आणि कर्जत ह्या तालुक्यांपर्यंत आले. दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता. सावकाराच्या घरातील खते बाहेर काढून जाळली की बहुतेक ठिकाणी काम संपे. सरकारने आयोग नेमला आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी निराळा कायदा केला.

इतिहासाच्या पुस्तकांत ह्या प्रकरणाची हकिकत येथे संपते, आणि ती वाचताना आपली सहानुभूती कुणब्याकडे जाते. ती तशी जावी हेच रास्त. माझे मन मात्र नेहमी त्या न्हाव्यापाशी अडते. त्याला विचारले होते काय? कुणब्याचे खत होते, त्याची जमीन जात होती, त्याने लढावे हे उचित. परंतु न्हाव्याचे सावकाराशी काय भांडण होते? कदाचित असेलही, तोही ऋणको असेल. कदाचित नसेल, आणि सावकार त्याला दर खेपेस रोख आणे देणारे एकमेव गिऱ्हाईक असेल. गावाने त्याचा वस्तरा उचलला आणि आपल्या लढाईत वापरला. ते युद्ध न्याय्य होते म्हणून वस्तऱ्याच्या मालकाची संमती घेण्याचे कारण नव्हते, असे आपण म्हणू शकतो काय? मला ह्याचे उत्तर सहज देता येत नाही. जर प्रत्येक न्हाव्याला आपल्या मर्जीवर सोडले असते, तर ठराव दोन दिवसांत कोसळला असता आणि काळूराम आपल्या ओटीवर बसून राहिला असता. एकीचे बळ अशाच सक्तीतून येते. आणि हेही विसरता येत नाही की, पुढे ज्या गावांनी पाण्यावर गेलेल्या महारांना वाळीत टाकले, त्यांच्या हातातही नेमके हेच शस्त्र होते. धार तीच, फक्त पाते उलटे फिरविलेले. दुबळ्यांचे एकमेव शस्त्र आणि बलवानांचे सर्वांत क्रूर शस्त्र एकच असावे, ह्यात काही तरी विचार करण्यासारखे आहे खास.

समाजाच्या ह्या सामुदायिक हातासमोर एकट्या माणसाचे बोट कसे उभे राहते, ते पाहण्यासाठी पुन्हा श्रीगोंद्याकडे यावे लागेल. ह्या गावाचे खरे वैभव शिंद्यांचा वाडा नव्हे. ते आहे शेख महंमद. सतराव्या शतकातील हा संतकवी जन्माने मुसलमान, वाणीने मराठी, आणि ‘योगसंग्राम’ ह्या ग्रंथाचा कर्ता. मालोजी भोसल्यांनी त्यांना गुरुस्थानी मानले आणि ह्या गावी जागा करून दिली, अशी परंपरा आहे. बखरींतही ह्या गावाचा मालोजींशी संबंध येतो तो एका ठेवीच्या कथेने. वेरूळला सापडलेले द्रव्य मालोजींनी येथील शेषो नाईक पुंडे ह्या सावकाराकडे ठेवावयास दिले आणि त्याने ते सांभाळले, असे त्या सांगतात. ज्या तालुक्यात पुढे सावकारांची खते जळाली त्याच तालुक्यातील ही विश्वासाची कथा आहे, एवढे नमूद करून पुढे जातो.

शेख महंमदांविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. घराण्याचा धंदा मुलाण्याचा. एके दिवशी बकरे कापावयास बसले असता त्यांनी सुरीची धार पाहण्यासाठी ती आपल्या बोटाला लावून पाहिली. बोट कापले, रक्त आले, वेदना झाली. त्या वेदनेने त्यांच्या मनात विचार आला की, एवढ्याशा कापण्याने मला इतके होते तर ह्या मुक्या जिवाला किती होत असेल! त्यांनी सुरी टाकली आणि ते काम सोडले. अशा कथा संतचरित्रांत पुष्कळ असतात, आणि चिकित्सक वाचक त्या हसून बाजूस सारतो. ही मला सारता येत नाही. कारण तीत चमत्कार नाही. कोणी देव प्रगट झाला नाही, आकाशवाणी झाली नाही. एका कारागिराने आपल्या हत्याराची धार स्वतःवर पाहिली, एवढेच. ज्याला काम उत्तम करावयाचे असते तो धार पाहतोच. म्हणजे हा साक्षात्कार कामाच्या बाहेरून आला नाही, काम नीट करण्याच्या सवयीतूनच आला.

परंतु कथा जेथे थांबते तेथून पुढचा प्रश्न सुरू होतो. दुसऱ्या दिवशी त्या गावात बकरे कापले गेले की नाही? गेलेच असणार. जत्रा थांबली नसेल, नवस थांबले नसतील. कोणी तरी दुसऱ्याने सुरी उचलली असेल. एखादा चुलतभाऊ, एखादा गरजू. शेख महंमदांचे बोट वाचले, मन वाचले, मराठी भाषेला एक कवी लाभला. बकऱ्याचे मात्र जे व्हावयाचे तेच झाले, आणि ते करणारा हात आता अशा माणसाचा होता, ज्याची कथा कोणी लिहिली नाही. सदसद्विवेकबुद्धीने एखादे काम नाकारणाऱ्या माणसाविषयी मला अतोनात आदर आहे. फक्त ते काम नाहीसे झाले असे त्याने समजू नये. ते शेजाऱ्याच्या हातात गेलेले असते. आपण मध्यमवर्गीयांनी तर पिढ्यान् पिढ्या हेच केले आहे. मेलेले ढोर ओढणे, मैला वाहणे, चामडे कमावणे ही कामे आपल्या विवेकाला आणि नाकाला सहन होत नव्हती. ती आपण सोडली असे म्हणणेही खरे नाही, कारण ती आपण कधी केलीच नव्हती. आपण ती एका जातीच्या स्वाधीन केली, आणि मग त्या जातीचे नाव गावाच्या नावातसुद्धा सोसवेना.

आता बलुते गेले. श्रीगोंद्याच्या आसपासचा कोरडवाहू मुलूखही पूर्वीचा राहिला नाही. घोड आणि कुकडीच्या कालव्यांचे पाणी जेथे जेथे पोहोचले तेथे ऊस उभा राहिला आणि साखर कारखाने आले. ह्याच जिल्ह्यात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या प्रयत्नाने 1950 च्या सुमारास शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि त्याचा कित्ता सर्व महाराष्ट्राने गिरविला. व्यक्ती आणि समाज ह्यांचा मेळ कसा घालावा ह्याचे इतके मोठे उदाहरण आमच्या प्रांतात दुसरे नाही. एकट्या शेतकऱ्याला जे कालत्रयी जमले नसते ते त्याने भागीदार होऊन केले. सावकाराच्या ओटीवर हात जोडून उभा राहणारा माणूस सभासद म्हणून वार्षिक सभेत उठून प्रश्न विचारू लागला. 1875 साली खते जाळणाऱ्यांच्या नातवंडा-पतवंडांनी ही मजल मारली, ह्याचा अभिमान कोणालाही वाटेल.

पण वर्तुळ काढले की त्याला बाहेरची बाजू येतेच. ऊस तोडणारा सभासद नाही. तो त्या गावाचाही नाही. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून आणि पाथर्डी-शेवगावसारख्या तालुक्यांतून तो येतो, आणि उन्हाळा लागला की जातो. मुकादमाकडून त्याने पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत तोडणी करावयाची असते. गावाच्या कडेला, कारखान्याच्या जवळ किंवा फडाच्या बांधाला, तो पाचटाची नाही तर ताडपत्रीची कोपी घालतो. पहाटे अंधारात नवरा-बायको फडात जातात. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, दोघे मिळून गाडी भरतात. आणि ह्या दोघांची गणती काय म्हणून होते? ‘एक कोयता.’ मुकादम सांगतो, माझ्याकडे वीस कोयते आहेत. म्हणजे चाळीस माणसे आहेत. चांभारगोंद्यात निदान धंदा करणाऱ्याचे नाव होते. येथे हत्याराचे आहे, आणि तेही दोघांत मिळून एकच. काम बुडाले त्या दिवसाला खाडा म्हणतात आणि त्याचा दंड कापला जातो. हा खाडा चुकावा म्हणून तरुण बाया गर्भाशय काढून घेत असल्याची वार्ता बीड जिल्ह्यातून आली, आणि 2019 साली राज्य सरकारला तिच्या चौकशीसाठी समिती नेमावी लागली. शेख महंमदांनी आपले बोट कापून घेतले ते सहज, चाचणीसाठी. ह्या बायांनी काय कापून दिले, ते लिहितानाही लेखणी अडखळते.

जुन्या गावात महाराला रोटी मागावयास दारी यावे लागे, ही अप्रतिष्ठा होती. तरी तो कोणाच्या दारी यावयाचा ते ठरलेले होते, आणि दाराच्या मालकाला त्याचे नाव ठाऊक होते. कोयत्याचे नाव उसाच्या मालकास ठाऊक असण्याचे कारण नाही; त्याचा व्यवहार कारखान्याशी, कारखान्याचा मुकादमाशी, मुकादमाचा उचलीशी. प्रत्येकाने आपापले पैसे चुकते केलेले असतात. बलुत्यात हिशेब पुरा होत नसे म्हणून माणूस बांधला जाई. येथे हिशेब प्रत्येक टप्प्यावर पुरा होतो म्हणून कोणी कोणाचे काही लागत नाही. आणि एवढे असून उचल फिटत नाही म्हणून तोडणारा पुन्हा बांधलेलाच! दोन्ही व्यवस्थांतील दोष तेवढे एकत्र करावेत, तसे हे झाले आहे.

आपल्या शास्त्रांत मनुष्य जन्मतःच ऋणी आहे असे म्हटले आहे. तीन ऋणे सर्वांस ठाऊक आहेत. तैत्तिरीय संहितेत तीनच सांगितली आहेत: अध्ययनाने ऋषींचे, यज्ञाने देवांचे आणि संततीने पितरांचे ऋण फेडावे. परंतु शतपथ ब्राह्मणात ह्यांच्याबरोबर चौथे एक ऋण सांगितले आहे, ते मनुष्यांचे. आणि ते फेडण्याचा प्रकार अगदी साधा सांगितला आहे: त्यांना राहावयास जागा द्यावी आणि खावयास अन्न द्यावे. परंपरेने पहिली तीन ऋणे मुंजीच्या आणि श्राद्धाच्या मंत्रांत जपून ठेवली आणि चौथे हळूहळू विसरून टाकले, ह्याचे मला फार आश्चर्य वाटत नाही. ऋषी, देव आणि पितर हे धनको असे आहेत की ते दारात येऊन उभे राहत नाहीत. चौथा धनको राहतो.

मिलच्या सिद्धांताशी ह्या चौथ्या ऋणाचा विरोध आहे काय? मला वाटते, नाही. तो सिद्धांत जेथे संपतो तेथून हे सुरू होते. दुसऱ्यास अपाय करू नये इतके मिल मागतो. परंतु ज्याच्या कामावर मी उभा आहे त्याला माझ्या हातून अपाय होत आहे की नाही, हे मला दिसणार कसे, जर त्याच्या आणि माझ्यामध्ये चार हिशेब पुरे झालेले असतील? साखरेच्या चमच्याला धार नसते. धार पाहावयाची तर ती आपल्या स्वतःच्या कामाच्या हत्याराला बोट लावून पाहिली पाहिजे. आता हे लिहिणे सोपे आहे. माझ्या हातात ना कोयता ना सुरी. माझ्या हातात हजेरीपट असतो, आणि त्याला धार असते असे मला पुष्कळ वर्षे वाटले नव्हते.

मी शिकवीत होतो त्या महाविद्यालयात, अन्यत्र असतो तसाच, 75 टक्के हजेरीचा नियम होता. नियमाचा मी पक्षपाती होतो आणि अजूनही आहे. ज्याला तास बुडविण्याची मोकळीक मिळते तो विद्यार्थी बहुधा सुखवस्तू घरातला असतो, हा माझा अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या वर्षाच्या वर्गातील पाथर्डी तालुक्यातील एक मुलगा दिवाळीनंतर आलाच नाही. चांगला मुलगा होता. निबंधात स्वतःचे वाक्य लिहिण्याची त्याला हौस होती, आणि ही हौस वर्गात दोघा-तिघांनाच असते. माघ संपता संपता तो परीक्षेच्या अर्जावर सही मागावयास आला. कोठे होता म्हणून विचारले तर म्हणाला, “घरी अडचण होती, सर.” अडचण सर्वांनाच असते, असे काहीसे मी म्हणालो आणि हजेरीपट उघडून त्याच्यापुढे केला. त्याने रिकाम्या रकान्यांकडे पाहिले. “बरं, सर,” म्हणाला आणि अर्ज घडी करून खिशात घालून गेला. त्याने वाद घातला असता तर कदाचित मी अधिक विचारले असते.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मी शेख महंमदांचे स्थान पाहावे म्हणून श्रीगोंद्यास निघालो होतो. वाटेत गाडीचे चाक बसले. चालक ते बदलीपर्यंत मी रस्त्याच्या कडेला उभा होतो, तो पलीकडच्या फडातून कोणी तरी “सर” म्हणून हाक मारली. हातात कोयता, अंगावर पाचटाची कूस, तोंड उन्हाने काळवंडलेले. मी त्याला प्रथम ओळखलेच नाही. मागून त्याची आई आली. तिने मला उन्हात उभे राहू दिले नाही. “बसा की सर, कोपीत सावली हाय,” म्हणून तिने पोते झटकून अंथरले आणि तीन दगडांच्या चुलीवर चहा ठेवला. बोलता बोलता कळले की, नवऱ्याला श्रावणातच अर्धांगाचा झटका आला. उचल तर आधीच घेतलेली आणि दवाखान्यात खर्च झालेली. कोयता पुरा व्हावयाला दुसरा माणूस हवा, म्हणून पोराला आणले. हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. चहा बिनदुधाचा होता, तिने त्यात साखर पुष्कळ घातली होती. कप माझ्या हातात देऊन तिने विचारले, “परीक्षेला बसंल ना पोरगं?”

त्याने घरी काही सांगितले नव्हते. तो कोपीच्या तोंडाशी उभा होता आणि माझ्याकडे पाहत नव्हता. “बघू,” असे मी म्हणालो. ह्या शब्दाची मला आजही लाज वाटते. ह्यापेक्षा खोटे बोललो असतो तर बरे, किंवा खरे तरी.

परत आल्यावर मी नियम पुन्हा वाचून पाहिले. विद्यार्थ्याच्या आजाराबद्दल काही टक्के सूट देता येत होती. वडिलांच्या आजाराबद्दल सोय नव्हती, आणि तोडणीचा तर उल्लेखच नव्हता. अर्ज भरण्याची तारीखही होऊन गेली होती. मी नियम मोडला असता तर काय झाले असते? वर्गातील ज्या मुलांनी आपापल्या अडचणींतून हजेरी भरली होती त्यांच्यावर अन्याय झाला असता; हे खरे आहे, आणि ते मी स्वतःला पुष्कळदा सांगितले आहे. करड्याच्या न्हाव्याविषयी मघाशी जे लिहिले ते मला ह्याच वेळी प्रथम सुचले. मीही एका न्याय्य ठरावाचा पाईक होतो, आणि ठराव टिकावा म्हणून मी एका माणसाची हजामत नाकारली होती. मी सही नाकारली नसती तर दुसऱ्या कोणी नाकारली असती, हेही खरेच. परंतु बकऱ्याच्या बाबतीत हे समाधान मला पटले नव्हते, मग येथे का पटावे?

तो मुलगा पुढच्या वर्षी परत आला नाही. त्याने दुसरीकडे नाव घातले असे कोणी म्हणाले; तो कायमचा कोयत्यावर गेला असेही कोणी म्हणाले. त्यानंतर मी दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच्या शेवटच्या तासाला वर्गात विचारतो की, घरच्यांबरोबर तोडणीला कोणी जाणार आहे काय. पहिल्या वर्षी कोणी हात वर केला नाही. तास संपल्यावर एक मुलगी बाकापाशी रेंगाळली तेव्हा मला माझी चूक कळली, आणि तेव्हापासून मी चिठ्ठी लिहून द्यावयास सांगतो. गेल्या वर्षी दोन चिठ्ठ्या आल्या. त्या दोघांना त्यांच्या फडाजवळच्या एखाद्या महाविद्यालयात तीन महिने बसू द्यावे आणि ती हजेरी आमच्याकडे धरावी, असा अर्ज मी केला होता. तो योग्य त्या कार्यालयाकडे गेला असल्याचे मला पत्राने कळविण्यात आले आहे. यंदाचा हंगाम सुरू होण्यास आता दीड महिना उरला आहे.